संगणकाच्या वेशीवरचे जकातदार

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवसाची नोंद कोणत्याही पंचांगात नव्हती. तथापि जगभरातील कोट्यवधी संगणकांच्या दृष्टीने तो एका कालखंडाचा शेवट होता. मायक्रोसॉफ्ट कंपनीने जुलै २०१५ मध्ये बाजारात आणलेल्या ‘विंडोज १०’ या ऑपरेटिंग सिस्टिमची, म्हणजे संगणकाच्या चालक प्रणालीची, नियमित देखभाल त्या दिवशी थांबली. दुसऱ्या दिवशीही संगणक सुरू झाले, पडदे उजळले, टंकलेखन झाले. परंतु सुरक्षेतील नव्या त्रुटी बुजविण्याची कंपनीची नेहमीची जबाबदारी संपुष्टात आली होती. काही अटींवर किंवा शुल्क भरून ठरावीक मुदतीपुरती जादा सुरक्षा-सेवा घ्यावी, अन्यथा ‘विंडोज ११’ स्वीकारावी, असे दोन मार्ग ग्राहकांपुढे ठेवण्यात आले. यातील मेख अशी की, नव्या प्रणालीसाठी संगणकात विशिष्ट सुरक्षा-चिप आणि ठरावीक पिढीनंतरचा प्रोसेसर असावा लागतो. ज्यांच्याजवळ तो नाही त्यांचे यंत्र धडधाकट असूनही निकालात निघाले.

लोकवर्गणीतून आठ-दहा वर्षांपूर्वी वीस संगणक घेणाऱ्या एखाद्या ग्रामीण शाळेच्या मुख्याध्यापकांपुढे या घटनेने कोणता प्रश्न उभा राहतो, याची कल्पना करणे कठीण नाही. टेबल-खुर्च्या मोडल्या तर सुतार बोलावता येतो. फळा उखडला तर रंग देता येतो. येथे मात्र वस्तू मोडलेली नाही, तिची उपयुक्तता दुसऱ्याच कोणी तरी, हजारो मैलांवरून, एका तारखेने संपविली आहे. वस्तू विकत घेऊनही तिच्या आयुष्याचा निर्णय खरेदीदाराच्या हाती नसावा, ही स्थिती नेहमीच्या बाजारपेठेत सहसा आढळत नाही. मग ती याच क्षेत्रात का आढळते, आणि यापुढेही तशीच राहील काय, या प्रश्नांचा विचार केवळ संगणकतज्ज्ञांवर सोपवून चालणार नाही. कारण हा प्रश्न यंत्राचा कमी आणि अर्थकारणाचा अधिक आहे.

रुळांची रुंदी आणि प्रणालीची सत्ता

मिरज जंक्शनवर एकेकाळी ब्रॉड गेज, मीटर गेज आणि नॅरो गेज अशा तिन्ही रुंदींचे रूळ येऊन भिडत. एका रुळावरचा डबा दुसऱ्या रुळावर जाऊ शकत नसे. माल उतरवून घ्यावा लागे, हमालांच्या पाठीवरून पलीकडे न्यावा लागे आणि पुन्हा भरावा लागे. प्रवाशांची पायपीट निराळीच. रुळांची रुंदी एकदा ठरली की इंजिने, डबे, दुरुस्तीचे कारखाने आणि कामगारांचे कसब असे सारे काही त्या रुंदीशी बांधले जाते. ती रुंदी उत्तम होती म्हणून नव्हे, तर ती बदलण्याचा खर्च डोईजड होतो म्हणून ती टिकते.

चालक प्रणालीचे स्थान नेमके रुळांसारखे आहे. ती संगणकाच्या यंत्रभागावर बसते आणि पत्रलेखन, हिशेब, चित्रे, आंतरजाल इत्यादी कामे करणाऱ्या आज्ञावल्या तिच्यावर धावतात. एका प्रणालीसाठी लिहिलेली आज्ञावली दुसरीवर जशीच्या तशी चालत नाही. ज्या प्रणालीचे ग्राहक अधिक तिच्यासाठी आज्ञावल्या अधिक लिहिल्या जातात आणि जिच्यासाठी आज्ञावल्या अधिक तिच्याकडे नवे ग्राहक वळतात. पैशाकडे पैसा जावा तसे हे चक्र फिरत राहते.

यात उत्पादनखर्चाच्या एका वैशिष्ट्याची भर पडते. चालक प्रणालीची पहिली प्रत तयार करण्यास प्रचंड भांडवल आणि हजारो तंत्रज्ञांची अनेक वर्षे लागतात. दुसरी प्रत काढण्यास मात्र जवळजवळ काहीच लागत नाही. शेतीत किंवा कापडगिरणीत उत्पादन एका मर्यादेपलीकडे वाढविले की दर नगाचा खर्च चढू लागतो आणि त्यामुळे अनेक उत्पादकांना बाजारात जागा राहते. येथे जो मोठा होतो त्याचा खर्च कमीच होत जातो. म्हणून या धंद्यात मक्तेदारी हा अपवाद नसून स्वाभाविक कल होय. स्पर्धा टिकवायची असेल तर ती प्रयत्नपूर्वकच टिकवावी लागते.

मक्तेदारीचा जन्म

इतिहासही हेच सांगतो. १९६० च्या दशकात संगणक म्हणजे आयबीएम, असे समीकरण होते. यंत्र, आज्ञावल्या आणि देखभाल हे सारे एकाच गठ्ठ्यात विकले जाई. जानेवारी १९६९ मध्ये अमेरिकी सरकारने या कंपनीवर मक्तेदारीविरोधी कायद्यान्वये दावा दाखल केला आणि त्याच वर्षी कंपनीने आज्ञावल्यांची किंमत यंत्रापासून वेगळी करण्याचे जाहीर केले. हा दावा तेरा वर्षे रेंगाळला आणि १९८२ मध्ये सरकारनेच मागे घेतला. कागदोपत्री तो निष्फळ ठरला. परंतु ज्या क्षणी आज्ञावलीला स्वतंत्र किंमत मिळाली त्या क्षणी आज्ञावली विकणाऱ्या स्वतंत्र धंद्याचा मार्ग मोकळा झाला, हे विसरता येत नाही.

या मोकळ्या मार्गाने जे पुढे गेले त्यांत मायक्रोसॉफ्टचा क्रमांक वरचा. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तेव्हा त्यासाठी चालक प्रणाली पुरविण्याचे काम या छोट्या कंपनीला मिळाले. तिने सिएटलमधील एका कंपनीकडून तयार प्रणाली सुमारे पन्नास हजार डॉलरना विकत घेतली, तिच्यावर संस्कार केले आणि ती आयबीएमला दिली. मात्र तीच प्रणाली इतर यंत्रनिर्मात्यांना विकण्याचा हक्क तिने स्वतःकडे राखून ठेवला. पुढे आयबीएमच्या यंत्राबरहुकूम यंत्रे बनविणारे कारखानदार जागोजागी निघाले, त्यांच्यात जीवघेणी स्पर्धा लागली, यंत्रांच्या किमती घसरल्या. आणि या सर्वांना लागणारी एकमेव सामाईक वस्तू विकणारा मात्र एकच राहिला. संगणक कोणीही बनवो, कर त्यालाच पोचत राहिला.

हे केवळ दूरदृष्टीचे फळ नव्हते. यंत्रनिर्मात्याने जितके संगणक विकले असतील तितक्यांचे शुल्क मायक्रोसॉफ्टला द्यावे, मग त्यांतील काहींवर दुसऱ्याची प्रणाली बसविली असली तरी चालेल, अशा स्वरूपाचे करार तिने केले होते. प्रतिस्पर्ध्याची प्रणाली घेणाऱ्यावर त्यामुळे दुहेरी भुर्दंड पडे. १९९४ मध्ये अमेरिकी न्यायखात्याशी झालेल्या तडजोडीने ही पद्धत बंद झाली. पण तोपर्यंत स्पर्धकांचे कंबरडे मोडलेले होते.

न्यायालयाची पायरी

मे १९९८ मध्ये अमेरिकी सरकार आणि अनेक राज्ये यांनी मायक्रोसॉफ्टविरुद्ध जो खटला भरला, तो या विषयाच्या अभ्यासकाने वाचलाच पाहिजे. वादाचा विषय होता आंतरजालावर विहार करण्याचा ब्राउझर. नेटस्केप कंपनीचा ब्राउझर कोणत्याही प्रणालीवर चालू शकत होता. उद्या आज्ञावल्या थेट ब्राउझरवरच धावू लागल्या, तर खाली कोणती प्रणाली आहे याला महत्त्व उरणार नाही, हा धोका मायक्रोसॉफ्टने ओळखला आणि स्वतःचा ब्राउझर विंडोजला जोडून फुकट दिला.

न्यायाधीश थॉमस पेनफिल्ड जॅक्सन यांनी नोव्हेंबर १९९९ मध्ये नोंदविलेल्या निष्कर्षांत एक तुलना आढळते. आयबीएमने आपल्या ‘ओएस/२’ या प्रणालीवर अमाप पैसा ओतला, तरी तिच्यासाठी सुमारे अडीच हजार आज्ञावल्याच उपलब्ध झाल्या. विंडोजसाठी त्या सत्तर हजारांहून अधिक होत्या. आयबीएमसारख्या धनाढ्याला जी भिंत ओलांडता आली नाही ती नवागताला कशी ओलांडता यावी? न्यायालयाने या भिंतीला आज्ञावल्यांचा प्रवेश-अडसर असे म्हटले. जून २००० मध्ये कंपनीचे दोन तुकडे करण्याचा आदेश निघाला. जून २००१ मध्ये अपील न्यायालयाने तो रद्द केला, मात्र मक्तेदारी टिकविण्यासाठी बेकायदा मार्ग वापरल्याचा ठपका कायम ठेवला. अखेर प्रकरण तडजोडीने मिटले. युरोपीय आयोगाने २००४ मध्ये ४९ कोटी ७० लाख युरोंचा दंड ठोठावून, स्पर्धकांना सुसंगत आज्ञावल्या लिहिता याव्यात इतपत तांत्रिक माहिती खुली करण्यास कंपनीला भाग पाडले.

या खटल्यांनी काय साधले, यावर अर्थशास्त्रज्ञांत मतभेद आहेत. विंडोजचे टेबलावरील साम्राज्य ढळले नाही, हे खरेच. नेटस्केपही वाचली नाही. १९९८ च्या अखेरीस तिच्या विक्रीचा करार झाला. परंतु ज्या वर्षांत एक बलाढ्य कंपनी न्यायालयाच्या नजरेखाली सावधपणे पावले टाकीत होती त्याच वर्षांत आंतरजालावरील नव्या कंपन्या वाढल्या. तिच्या हाती तेव्हा मोकळा चाबूक असता तर त्या इतक्या निर्वेध वाढल्या असत्या काय, ही शंका रास्त आहे. आयबीएमच्या सावलीतून मायक्रोसॉफ्टला ऊन मिळाले, मायक्रोसॉफ्टच्या सावलीतून गूगलला. कायद्याने वटवृक्ष तोडला नाही. त्याच्या पारंब्या तेवढ्या आवरल्या.

हार आली ती भलतीकडून

मायक्रोसॉफ्टला खरा धक्का टेबलावर बसला नाही, तो खिशात बसला. २००७ मध्ये अ‍ॅपलचा आयफोन आला आणि २००८ मध्ये गूगलच्या अँड्रॉइड प्रणालीवरचा पहिला फोन. मायक्रोसॉफ्टने आपली फोन-प्रणाली पुढे आणली, २०१४ मध्ये नोकियाचा हातफोनांचा धंदाही ताब्यात घेतला. पण अ‍ॅप लिहिणारे तिच्याकडे फिरकेनात, कारण ग्राहक थोडे. आणि ग्राहक येईनात, कारण अ‍ॅप थोडे. २०१५ मध्ये त्या खरेदीपोटी सुमारे ७६० कोटी डॉलर बुडीत खाती टाकावे लागले. ज्या भिंतीच्या आत ती वीस वर्षे सुरक्षित होती, तीच भिंत तिला बाहेरून अनुभवावी लागली. काळाने उगविलेला याहून चोख सूड क्वचितच पाहावयास मिळेल.

तथापि एका मक्तेदाराचा पराभव म्हणजे स्पर्धेचा विजय, असे मानणे भाबडेपणाचे होईल. अँड्रॉइडचा गाभा खुला आहे, यंत्रनिर्मात्यांना तो विनामूल्य मिळतो. परंतु ज्याशिवाय फोन विकला जाणे कठीण, ते अ‍ॅपचे दुकान खुले नाही. ते हवे असेल तर गूगलच्या इतर आज्ञावल्याही फोनवर आधीच बसवाव्या लागतील, आणि अँड्रॉइडमध्ये स्वतंत्र फेरफार करून केलेली प्रणाली विकता येणार नाही, अशा अटी करारांत होत्या. १९९४ मधील करार आणि हे करार यांच्यातील साम्य सांगण्यास नकोच. भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी याच कारणास्तव गूगलला १,३३७ कोटी ७६ लाख रुपयांचा दंड केला. मार्च २०२३ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, मात्र आयोगाचे चार निर्देश रद्द केले. युरोपीय आयोगाने २०१८ मध्येच याच स्वरूपाच्या वर्तनाबद्दल ४३४ कोटी युरोंचा दंड केला होता. २०२२ मध्ये तेथील न्यायालयाने तो थोडा कमी करून सुमारे ४१२ कोटींवर आणला.

येथे धंद्याच्या स्वरूपातील एक महत्त्वाचा बदल ध्यानात घेणे आवश्यक आहे. पूर्वी चालक प्रणाली विकून पैसा मिळे. आता ती फुकट देऊन मिळतो. मायक्रोसॉफ्टनेही २०१५ मध्ये आपल्या जुन्या ग्राहकांना विंडोज १० वर्षभर विनामूल्य देऊ केली होती. ग्रामस्थांना रस्ता फुकट बांधून द्यावा आणि वेशीवर जकात नाका बसवावा, तसा हा प्रकार आहे. अ‍ॅपच्या दुकानांतून होणाऱ्या डिजिटल विक्रीवर तीस टक्के कमिशन ही अनेक वर्षे प्रचलित पद्धत होती. टीका वाढल्यावर २०२१ पासून लहान विक्रेत्यांसाठी ते पंधरा टक्क्यांवर आणण्यात आले. शिवाय ‘आधीच बसविलेल्या’ गोष्टींचे मोल निराळेच. आपला शोधयंत्राचा पर्याय इतरांच्या यंत्रांवर व ब्राउझरवर आधीपासून निवडलेला असावा यासाठी गूगलने २०२१ या एका वर्षात २,६३० कोटी डॉलर मोजल्याचे अमेरिकेतील खटल्यात उघड झाले. ग्राहक सहसा मूळची निवड बदलत नाही, हे ज्याला ठाऊक आहे तोच एवढी रक्कम मोजतो. ‘ग्राहकाला निवडीचे स्वातंत्र्य आहेच की’ या युक्तिवादाचे यथार्थ मूल्य या आकड्यात दिसते.

गावची विहीर

मक्तेदारीच्या या कथेला समांतर अशी दुसरी एक कथा आहे आणि तिचा उगमही गमतीचा आहे. अमेरिकेतील दूरध्वनीची मक्तेदार कंपनी ए. टी. अँड टी. हिच्यावर १९५६ च्या एका तडजोडीने दूरसंचाराबाहेरचा धंदा करण्यास बंदी होती. तिच्या बेल प्रयोगशाळेत १९६९ मध्ये केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी ‘युनिक्स’ ही प्रणाली घडविली. पण कंपनीला ती धंदा म्हणून विकता येईना. साहजिकच ती अल्प शुल्कात विद्यापीठांत पोचली आणि विद्यार्थ्यांच्या एका पिढीने तिच्या अंतरंगाचा अभ्यास केला. १९८४ मध्ये कंपनीचे विभाजन होऊन ती बंदी उठली, तेव्हा युनिक्सला धंदेवाईक कुंपण पडले. त्या सुमारास, १९८३ मध्ये, रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त प्रणाली घडविण्याचा संकल्प सोडला होता. आज्ञावली कोणीही वापरावी, तपासावी, बदलावी. मात्र बदललेली प्रत वाटताना तेच स्वातंत्र्य पुढच्यालाही द्यावे, अशी त्यांच्या परवान्याची अट होती. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्‌स या विद्यार्थ्याने प्रणालीचा गाभा लिहून जगापुढे ठेवला. ती ‘लिनक्स’.

विहीर गावाने मिळून खणावी, पाणी सर्वांनी भरावे आणि गाळही सर्वांनी उपसावा, अशी ही व्यवस्था. मालकी हक्कावाचून कोणी कष्ट करणार नाही, या पाठ्यपुस्तकी गृहीतकाला तिने छेद दिला. नोव्हेंबर २०१७ मध्ये जगातील पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालत असल्याचे दिसून आले. अँड्रॉइडच्या पोटातही लिनक्सचाच गाभा आहे.

परंतु हिची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. कचेरीतील टेबलावर लिनक्सला जम बसविता आलेला नाही. जर्मनीतील म्युनिक महापालिकेने या शतकाच्या आरंभी विंडोज सोडण्याचा निर्णय घेतला, वर्षानुवर्षे खपून हजारो संगणक लिनक्सवर नेले आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे वळण्याचे ठरविले. बाहेरच्या कचेऱ्यांशी कागदपत्रांची देवाणघेवाण, कर्मचाऱ्यांच्या सवयी आणि सत्तापालट या तिहींचा ताण त्या प्रयोगाला पेलला नाही. उलट केरळातील शासकीय व अनुदानित शाळांत मुक्त आज्ञावलीवर संगणक शिकविण्याचा उपक्रम दीर्घकाळ टिकला. कारण तेथे केवळ प्रणाली बदलली नाही. शिक्षकांचे प्रशिक्षण, पाठ्यपुस्तके आणि मल्याळम भाषेतील साधने ही सारी बरोबरीने उभी केली गेली. प्रणाली फुकट मिळते, सवय मिळत नाही. तिची किंमत कोणाला तरी मोजावीच लागते.

मराठी वाचकाला हा सवयीचा आणि अडकून पडण्याचा अनुभव दूरचा वाटू नये. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठीसाठी निरनिराळ्या कंपन्यांचे निरनिराळे फाँट होते आणि प्रत्येकाची अक्षरांची आतली सांकेतिक मांडणी वेगळी होती. एका संगणकावर टंकलेला मजकूर दुसऱ्यावर उघडला की पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांगोळी उमटे. जिल्हा कचेऱ्यांपासून प्रकाशनसंस्थांपर्यंत किती तरी जुना मजकूर या कुलपांत अडकला आणि तो सोडविण्यासाठी रूपांतराच्या आज्ञावल्या लिहाव्या लागल्या. सामाईक मानक आले तेव्हाच फाँटनिर्मात्यांत खरी स्पर्धा सुरू झाली. कारण आता ग्राहक आपला मजकूर घेऊन दुसरीकडे जाऊ शकत होता. स्पर्धेचा सारा अर्थ या एका ‘जाऊ शकण्यात’ आहे.

परावलंबनाची किंमत

एकाच रुळावर सारे जग धावू लागले की आणखी एक धोका संभवतो. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष सुधारणेमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले. विमाने खोळंबली, रुग्णालये अडचणीत आली. भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. सगळ्या शिवारात एकच वाण पेरले की एका रोगाने पीक जाते, हे शेतकऱ्याला ठाऊक असलेले तत्त्व संगणकालाही लागू पडते.

दुसरा धोका राजकीय आहे. मे २०१९ मध्ये अमेरिकेने चीनच्या ह्वावे कंपनीला निर्बंधांच्या यादीत घातले आणि तिच्या नव्या फोनवरील गूगलच्या सेवा गेल्या. चीनजवळ भांडवल आणि विस्तीर्ण देशी बाजारपेठ होती म्हणून तिने ‘हार्मनी’ ही स्वतःची प्रणाली उभी केली. सर्वच देशांना ते जमणारे नाही. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर मायक्रोसॉफ्टने भारतातील नायरा एनर्जी या तेलशुद्धीकरण कंपनीच्या सेवा अचानक रोखल्या. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि त्यानंतर त्या पूर्ववत झाल्या. ही बाब चालक प्रणालीची नव्हती, जालावरून मिळणाऱ्या सेवांची होती. परंतु धडा तोच. ज्याची किल्ली परक्याच्या कमरेला, त्या कोठाराच्या मालकाने निर्धास्त झोपू नये. भारताला हा धडा नवा नाही. परकीय चलन नियमन कायद्याखालील भागभांडवलाची अट अमान्य करून १९७८ मध्ये आयबीएमने येथील कारभार गुंडाळला, तेव्हा तिच्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीने अंगावर घेतली आणि निभावली.

पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने ‘बॉस’ ही लिनक्सवर आधारलेली भारतीय प्रणाली तयार केली आहे. केंद्र सरकारने २०१५ मध्ये खुल्या आज्ञावल्यांना प्राधान्य देण्याचे धोरणही जाहीर केले. पण धोरण आणि खरेदीची निविदा यांच्यात अंतर पडते, तेथेच अशा संकल्पांची माती होते.

उद्याची वेस

यापुढील स्पर्धा कोणत्या प्रणालीचे चिन्ह अधिक देखणे, यावरून होणार नाही. बहुतेक कामे जालावरून होऊ लागल्याने टेबलावरील प्रणालीचे जुने महत्त्व घटत आहे. तिच्या जागी आता कृत्रिम बुद्धिमत्तेचा मदतनीस येऊन बसत आहे. २०२४ पासून मायक्रोसॉफ्ट, अ‍ॅपल व गूगल या तिघांनीही तो आपापल्या प्रणालीत अंतर्भूत करण्याचा धडाका लावला. उद्या ग्राहक अ‍ॅप उघडणारच नाही. ‘पुण्याचे तिकीट काढ’ एवढेच तो सांगेल आणि ते कोणाकडून काढावयाचे, हे मदतनीस ठरवील. मग वेशीवरचा जकातदार केवळ कर घेणार नाही. वाटसरूने कोणत्या दुकानात जावे, हेही तोच सांगेल. १९९८ मध्ये ब्राउझरबाबत जो प्रश्न होता तोच येथे अधिक मोठ्या आकारात उभा आहे: प्रणालीच्या मालकाचा मदतनीस आणि त्रयस्थाचा मदतनीस यांना यंत्रात समान प्रवेश मिळणार की नाही?

दंडाची शिक्षा गुन्हा घडून गेल्यावर, आणि बहुधा स्पर्धक मेल्यावर, मिळते. म्हणून युरोपीय संघाने वेगळा मार्ग धरला. तेथील डिजिटल बाजारपेठ कायद्यान्वये विंडोज, अँड्रॉइड व आयफोनची प्रणाली यांच्या मालकांना ‘द्वारपाल’ ठरवून मार्च २०२४ पासून आगाऊच बंधने लागू झाली. आयफोनवर दुसऱ्याचे अ‍ॅप-दुकान उघडण्याची मुभा तेथे त्यामुळेच मिळाली. भारतातही याच धर्तीच्या विधेयकाचा मसुदा मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावर आक्षेप आहेत आणि ते सगळेच स्वार्थमूलक नाहीत. अतिरिक्त नियमनाने नव्या उद्योगांचे पाय बांधले जातील, परवाना-राज मागील दाराने परत येईल, ही भीती या देशाच्या पूर्वानुभवाला धरूनच आहे. म्हणून नियम थोडे, स्पष्ट आणि केवळ मोजक्या महाकाय कंपन्यांनाच लागू असावेत, हे उचित. परंतु नियमच नकोत, असे म्हणणे म्हणजे मार्गाची मालकी जकातदाराला देऊन टाकणे होय.

कायद्याची वाट पाहात बसण्याचेही कारण नाही. शासन, विद्यापीठे आणि शाळा हे या बाजारातील मोठे ग्राहक आहेत आणि ग्राहकाच्या हाती निविदेचे शस्त्र असते. शासकीय कागदपत्रे खुल्या मांडणीत ठेवली जावीत. संगणक विकताना सुरक्षेची देखभाल किती वर्षे मिळेल, हे किमतीइतक्याच ठळकपणे सांगणे विक्रेत्यावर बंधनकारक असावे. एका प्रणालीतून दुसरीत मजकूर नेण्याची सोय खरेदीची अटच असावी. यांपैकी एकाही गोष्टीला नवे संशोधन लागत नाही. विंडोज ११ ने नाकारलेल्या शाळेतील यंत्रांवर लिनक्स बसवून ती आणखी काही वर्षे सुखेनैव वापरता येतात आणि ते शिकविणारे धडे मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमात मराठीतही आहेत.

शिक्षणाचा भाग सर्वांत महत्त्वाचा. एमएस-सीआयटीसारख्या अभ्यासक्रमांतून महाराष्ट्रातील लक्षावधी कारकून, शिक्षक व विद्यार्थ्यांची संगणकाशी पहिली ओळख झाली, हे त्यांचे श्रेय मोठेच. पण ती ओळख बव्हंशी एकाच कंपनीच्या प्रणालीची होती. मोटार चालविणे शिकणे आणि एकाच कंपनीची मोटार चालविणे शिकणे यांत अंतर आहे. पहिल्याने माणूस समर्थ होतो, दुसऱ्याने तो कायमचे गिऱ्हाईक होतो. दोन प्रणाली हाताळलेला विद्यार्थी तिसरीला बिचकत नाही. आणि न बिचकणारा ग्राहक हाच मक्तेदाराचा खरा प्रतिस्पर्धी असतो.

कोणती प्रणाली जिंकेल, हे भाकीत करण्यात अर्थ नाही. या क्षेत्रातील भल्याभल्यांची भाकिते पाच वर्षेही टिकलेली नाहीत. जकातदार बदलत राहतील. काल एक होता, आज दोघे-तिघे आहेत, उद्या आणखी कोणी येईल. लोकवर्गणीतल्या त्या वीस संगणकांसमोर बसलेल्या मुलांच्या दृष्टीने प्रश्न एवढाच आहे की, वेशीला दुसरा दरवाजा आहे की नाही, आणि असल्यास तो उघडण्याचे शिक्षण त्यांना कोणी दिले आहे की नाही.